मुलाचे टॉन्सिल्स काढायला सांगितलेत, खरंच गरज असते का?

मुग्धा_नाशिक

नमस्कार मंडळी, जरा गोंधळलेय म्हणून इथे विचारतेय. मुलगा सहा पूर्ण, पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून घशाचं जे सुरू झालंय ते थांबायचं नावच घेत नाहीये. सकाळी उठला की घसा दुखतोय म्हणतो, संध्याकाळपर्यंत अंग तापतं, मग दोन दिवस घास गिळत नाही, पेडि (मुलांचे डॉक्टर) अँटिबायोटिकचं सिरप देतात, तीन दिवसांत उड्या मारायला लागतो की लगेच शाळा, आणि शाळेत गेला की पंधरा-वीस दिवसांत परत तेच. हजेरी कमी आहे म्हणून मॅडमचे मेसेज येतात ते वेगळंच.

मागच्या आठवड्यात शेवटी ईएनटीकडे नेलं. त्यांनी जीभ दाबून टॉर्च मारला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले ग्रेड थ्री आहेत, काढून टाकू, मे महिन्यात सुट्टीत करून घ्या म्हणजे शाळा बुडणार नाही. बाहेर येतोय तोवर रिसेप्शनवर पॅकेजचा कागद हातात. साध्या पद्धतीने इतके, कोब्लेशनने (विजेच्या लहरींनी काढायची नवी पद्धत) इतके, प्रायव्हेट रूम घेतली तर इतके.

आता घरात तीन पार्ट्या पडल्यात. सासूबाई म्हणतात टॉन्सिल म्हणजे शरीराचा वॉचमन, तो काढला की सगळा कफ थेट छातीत उतरतो. गंमत म्हणजे नवऱ्याचे आणि नणंदेचे लहानपणी ह्याच सासूबाईंनी एकाच दिवशी काढून आणले होते! विचारलं तर म्हणतात तेव्हा डॉक्टर सांगतील ते करायचो गं. नवऱ्याला यात विशेष काही वाटतच नाही, त्याला फक्त आईस्क्रीम मिळालं होतं एवढंच आठवतंय. आणि पेडि म्हणतात थांबा, आठ-नऊ वर्षांचा झाला की आपोआप लहान होतात.

तर ऑपरेशन खरंच लागतं का की हल्ली जसं सिझेरियनचं झालंय तसं हेही? प्रतिकारशक्ती कमी होते का? आणि पोराला त्रास किती होतो? बाकी मुलगा ठणठणीत आहे, वजन जरा कमी, जेवायला तासभर लावतो, आणि तोंड उघडं टाकून झोपतो नि घोरतो बापापेक्षा जोरात, पण ते आमच्याकडे घराण्यातच आहे :)


पाटीपेन्सिल

ताई, अजिबात घाई करू नका. माझ्या मुलीचं पहिली-दुसरीत सेम असंच होतं, दर महिन्याला घसा धरायचा. आम्हालाही ऑपरेशन सांगितलं होतं. होमिओपॅथी सुरू केली, रोज मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, बर्फाचा गोळा आणि चिंचा-बोरं बंद. आता पाचवीत आहे, वर्षातून एखाद्या वेळी दुखतो घसा. देवाने दिलेला अवयव उगाच का काढायचा. ज्यांना कापायचेच पैसे मिळतात त्यांना विचारल्यावर ते कापा म्हणणारच ना.


डॉ_सातपुडा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नंदुरबार जिल्ह्यात प्रॅक्टिस. मुलाला न तपासता हो किंवा नाही सांगणार नाही, पण निर्णय कशावर घेतात ते सांगतो म्हणजे तुम्हाला पुढच्या व्हिजिटला नीट विचारता येईल.

आधी पाटीपेन्सिल ताईंचं. तुमची मुलगी बरी झाली हे खरंच, पण पहिली-दुसरीतली बहुतेक मुलं पाचवीपर्यंत अशीच बरी होतात, काही दिलं तरी आणि न दिलं तरी. साधारण तीन ते सात-आठ या वयात टॉन्सिल्स आकाराने सगळ्यात मोठे असतात, बालवाडी-शाळेत नवनवीन जंतू भेटतात, आणि पुढे टॉन्सिल हळूहळू आकसत जातात. त्यामुळे या वयात जे काही औषध चालू असतं त्याला श्रेय मिळून जातं. ऑपरेशनलासुद्धा असं फुकटचं श्रेय मिळतं बरं का, ते पुढे येईल. गुळण्यांनी बरं वाटतं, कराव्यात. चिंचा-बोरांचा आणि टॉन्सिलच्या इन्फेक्शनचा संबंध नाही, खाऊ द्या पोरांना.

आता मुग्धाताई. वारंवार इन्फेक्शन हे कारण असेल तर जगभर जो निकष धरतात तो पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांच्या कामावरून आलाय. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. आणि प्रत्येक वेळी नुसता घसा दुखला एवढं पुरत नाही, त्यासोबत १०१ च्या वर ताप, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू, किंवा स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात स्ट्रेप) या जिवाणूची टेस्ट पॉझिटिव्ह, यातलं एक तरी हवं, आणि तेही डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहिलेलं. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय आणि घसा लाल आहे, हे बहुतेक वेळा व्हायरल, ते या मोजणीत धरायचं नाही. मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी स्ट्रेप साधारण पाव भागच असतो.

पॅराडाइज यांचा १९८४ चा अभ्यास अशाच जास्त त्रासाच्या मुलांवर होता, त्यांना ऑपरेशनचा फायदा दिसला, मुख्यतः पहिली दोन वर्षं. मग त्यांनीच कमी त्रासाच्या मुलांवर अभ्यास केला, तो २००२ साली आला, आणि त्यात निष्कर्ष असा की फायदा इतका थोडा आहे की ऑपरेशनचा धोका आणि खर्च त्यासाठी घेऊ नये. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा पहिल्या वर्षात न काढलेल्यांना सरासरी ३.६ वेळा घसा दुखला, काढलेल्यांना ३ वेळा, आणि या ३ मधला एक म्हणजे खुद्द ऑपरेशननंतरचं दुखणं! न काढलेली मुलंही वर्षभरात बरीच सुधारली होती. फुकटचं श्रेय म्हणालो ते हे.

अडचण काय होते की आपल्याकडे मोजतं कोण? आई सांगते महिन्यातून दोनदा, फाइल उघडली की चार चिठ्ठ्या, त्यातल्या दोन सर्दीच्या. म्हणून एक साधी वही करा. तारीख, ताप किती, नाक वाहत होतं का, डॉक्टरांनी घशात काय बघितलं, कुठलं औषध किती दिवस. आणि दर वेळी अँटिबायोटिक मिळतंय म्हणालात तर एकदा तरी घशाचा स्वॅब करायला सांगा. खरंच स्ट्रेप असेल तर अमॉक्सिसिलिन दहा दिवस पूर्ण द्यायचं असतं, आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं की बाटली फ्रिजच्या दारात. ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे सांधे आणि मग हृदयाच्या झडपा, आपल्या भागात अजून दिसतो, तो टाळायला हे दहा दिवस महत्त्वाचे, टॉन्सिल काढणं हा त्याचा उपाय नाही. आणि एएसओ नावाची रक्ताची टेस्ट वाढलेली आली म्हणून कोणी ऑपरेशन सुचवलं तर ऐकू नका. पूर्वी कधीतरी स्ट्रेप होऊन गेलाय एवढंच ती सांगते, काही महिने वाढलेली राहू शकते.

ग्रेड थ्री हा फक्त आकार आहे. मोठे टॉन्सिल हा आजार नाही.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, तुम्ही जे शेवटी स्मायली टाकून लिहिलंय ना, मला त्याचीच जास्त काळजी वाटतेय. सहा वर्षांचं मूल रोज रात्री मोठ्याने घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, वजन कमी आणि जेवायला तासभर, तर ते घराण्यावर ढकलू नका. रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढा, गाढ झोपेत, पहाटेच्या सुमारास, अंगातला शर्ट वर करून छाती-पोट दिसेल असा. मधेच श्वास थांबतो का बघा. मग बोलू.


जुनी_कात्रणं

डॉक्टरांनी छान सांगितलं. मला फक्त 'गरज' कोण ठरवतं यावर लिहायचंय कारण टॉन्सिलच्या ऑपरेशनचा इतिहास म्हणजे एक भन्नाट प्रकरण आहे.

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या १००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले! उरलेली ३८९ शाळेच्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांचे काढायला सांगितले. मग जी २१५ 'ठीक आहेत' म्हणून सोडली होती ती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी त्यातल्या ९९ जणांना ऑपरेशन सांगितलं. आता उरली ११६, ती तिसऱ्यांदा दाखवली तर आणखी ५१. शेवटी हजारातून ६५ मुलं अशी राहिली की ज्यांना कोणीच काढा म्हटलं नव्हतं, आणि तिथे पाहणी थांबली, थांबली नसती तर तीही गेली असती बहुतेक. म्हणजे समोर कुठलीही मुलं आणा, साधारण निम्म्यांचे काढा म्हणायचं हा डॉक्टरांचा हात बसलेला होता. कोणी लबाड होतं असंही नाही. त्या काळी समजच असा होता की टॉन्सिलमध्ये आणि दातांत दडून बसलेला जंतूच सांधे, हृदय, किडनी सगळीकडे जातो.

इंग्लंडमधलं तर अजून मजेशीर. लंडनजवळच्या हॉर्न्सीमध्ये शाळकरी मुलांची १९२८ साली १८६ ऑपरेशनं झाली आणि १९२९ साली १२. काय झालं मधे? मुलांचे घसे अचानक सुधारले नाहीत, शाळांचे मेडिकल ऑफिसर बदलले. ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरांनी हे १९३८ साली छापलं, आणि त्यांनी हेही दाखवलं की सुखवस्तू घरातल्या मुलांचे जास्त काढले जातात.

मग १९७० च्या सुमारास अमेरिकेत व्हरमाँटमध्ये जॉन वेनबर्ग. त्यांची स्वतःची मुलं जिथे शाळेत होती त्या वॉटरबरीत पंधराव्या वर्षापर्यंत साधारण २० टक्के मुलांचे टॉन्सिल्स काढलेले असायचे आणि शेजारच्या स्टो गावात ७० टक्के. हवा तीच, बर्फ तोच. तिथल्या डॉक्टरांसमोर हे आकडे ठेवल्यावर ऑपरेशनं कमी झाली, कायदा वगैरे काही करावा लागला नाही.

त्यामुळे मुग्धाताई, तुमच्या नवऱ्याचे आणि नणंदेचे एकाच दिवशी काढले गेले यात मला तरी काही नवल नाही. भावंडांचे जोडीने काढायची पद्धतच होती, एकाच खर्चात दोघं. दोघांनाही सारखाच आजार एकाच आठवड्यात ऑपरेशनच्या लायक झाला असेल का, विचार करा. माझं मत विचाराल तर दुसरा ईएनटी बघा, पण पहिल्याने काय सांगितलं ते त्याला आधी सांगू नका.


ठाणेकर_बाबा

इतिहास वाचायला बरा वाटतो पण ज्याच्या पोराचं खरंच असतं त्याला विचारा. आमच्या मुलाचं मागच्या वर्षी केलं, टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड दोन्ही. अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागची तशीच गाठ. कारण इन्फेक्शन नव्हतं, झोप होतं. रात्रभर घुसमटायचा, मान मागे टाकून झोपायचा, अंथरूण ओलं व्हायचं, आणि दिवसा शाळेत एका जागी बसायचा नाही म्हणून आम्हाला काउन्सेलरकडे पाठवलं होतं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही की पोराची झोप होत नाहीये. मोठी माणसं झोप झाली नाही की पेंगतात, लहान मुलं उलट उधळतात.

त्रासाचं विचारलंत तर खरं सांगतो. ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं, दुसऱ्या दिवशी घरी. पहिला दिवस बरा गेला, आम्हाला वाटलं झालं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुखणं वाढलं. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी बिलाचे कागद पंधरा आणि सूचनांचा एक, तोही इंग्रजीत. घशात टॉर्च मारून बघितलं तर दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळट साय धरल्यासारखं, तोंडाला घाण वास, आणि पोरगा कान दुखतो म्हणून रडतोय. आम्ही रात्री साडेअकराला डॉक्टरांना फोन, पू झाला म्हणून. ते म्हणाले पू नाही, तिथली खपली अशीच दिसते, आणि घशाची नस कानाशी जोडलेली असते म्हणून कान दुखतो. अँटिबायोटिक लागत नाही त्याला.

औषध मूल मागेल तेव्हा द्यायचं नाही, घड्याळ लावून द्यायचं, रात्री उठवूनसुद्धा. आम्हाला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दिलं होतं. खाणं म्हणाल तर आईस्क्रीम दोन दिवसांत कंटाळला. मऊ दहीभात, पेज, गार दूध, केळं. आणि उलट डॉक्टरांनी सांगितलं की चावायला लावा, गिळायला लावा, जितकं गिळेल तितकं लवकर बरं होतं, पाणी कमी पडलं की दुखणं वाढतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. खपली साधारण पाच ते दहा दिवसांत पडते तेव्हा रक्त येऊ शकतं. थुंकीत धागा वेगळा, पण लाल रक्त आलं किंवा मूल झोपेत सारखं सारखं गिळतंय असं दिसलं तर रक्त पोटात जात असू शकतं, तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. म्हणून मे महिन्यात करताय तर लगेच गावाला जायचा बेत नको. दोन आठवडे जवळ ऑपरेशन थिएटर असलेल्या ठिकाणीच रहा. आमच्या सोसायटीतल्या एकांनी चौथ्या दिवशी मुलीला घेऊन कोकण गाठलं आणि रात्री घाटातून परत यावं लागलं.

आता घोरत नाही, अंथरूण कोरडं, आणि जेवतो. प्रतिकारशक्ती वगैरे काही कमी झालेली दिसली नाही.


लीड्सवाली

मी दुसरी बाजू सांगते कारण इथे इंग्लंडमध्ये आम्ही उलट्या टोकाला आहोत. इथे २०१८ साली एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, ज्या सतरा प्रोसिजर्सवर अटी जाहीर केल्या त्यात इन्फेक्शनसाठी टॉन्सिल काढणं आहे, तोच ७-५-३ चा नियम. कागदावर एकदम योग्य. पण आमच्या मुलीच्या बाबतीत काय झालं की आमच्या जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ताप उतरलेला असायचा, मग फाइलमध्ये नोंद 'घसा किंचित लाल', ती मोजणीत धरत नाहीत. फोनवर सांगितलं तर पॅरासिटामॉल द्या, पाणी प्यायला द्या. मुलगी वर्षभर आजारी आणि रेकॉर्डवर तीनच एपिसोड. शाळेतून गैरहजेरीबद्दल कडक पत्र यायचं ते वेगळं. त्यामुळे निकष चांगला असला तरी नोंद होणार नसेल तर तो गरजू मुलालाही बाहेर ठेवतो. भारतात निदान पेडि त्याच दिवशी बघतात याची किंमत इथे आल्यावर कळते.

प्रतिकारशक्तीबद्दल, डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास २०१८ साली आला होता, जवळजवळ १२ लाख मुलांच्या सरकारी नोंदींवरून, त्यात टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले. व्हॉट्सअ‍ॅपवर खूप फिरला. पण ज्यांचे काढले ती मुळातच जास्त आजारी राहणारी मुलं होती का हे अशा नोंदींवरून पूर्ण वेगळं काढता येत नाही, त्यावर बरीच टीकाही झाली. म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण 'काहीच फरक पडत नाही' असं छातीठोक म्हणण्यासारखंही नाही, उगाच काढू नये एवढं नक्की.


पाटीपेन्सिल

झोपेचं मला माहीत नव्हतं, माझी मुलगी घोरत नव्हती. पण तरी विचारते, घोरण्यासाठी थेट ऑपरेशनच का? नाकात मारायचे स्प्रे मिळतात की.


डॉ_सातपुडा

चांगला प्रश्न. त्रास सौम्य असेल तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे काही आठवडे वापरून बघतात, अ‍ॅडेनॉइडवर उपयोग होतो काही मुलांना, अ‍ॅलर्जी असेल तर जास्तच. आणि नुसतं घोरणं म्हणजे ऑपरेशन असंही नाही, साधारण दहातलं एखादं मूल नेहमी घोरतं, त्यातल्या थोड्यांनाच झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे खरा स्लीप अ‍ॅप्निया असतो.

यावर २०१३ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास आला होता, पाच ते नऊ वयाची ४६४ मुलं, सगळ्यांना झोपेत श्वास अडायचा त्रास. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांना सात महिने नुसतं लक्ष ठेवून. ऑपरेशनवाल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी नॉर्मल झाली. पण न केलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आपोआप झाली! एकाग्रतेच्या चाचणीत दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक नव्हता, वागणूक, झोप आणि एकंदर राहणीमान मात्र ऑपरेशनवाल्यांचं जास्त सुधारलं. ज्या मुलांचा ऑक्सिजन फार खाली जात होता ती यात घेतलीच नव्हती, त्यांना थांबवत नाहीत. तेव्हा त्रास किती आहे त्यावर ठरतं. फार असेल तर करा, थोडा असेल तर स्प्रे आणि लक्ष. इन्फेक्शनपेक्षा या कारणासाठी मी स्वतः जास्त मुलं ईएनटीकडे पाठवतो, आणि पश्चात्ताप झालेले आईबाप अपवादानेच भेटलेत.

अजून दोन गोष्टी लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडतील. आमच्या सातपुड्यात आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. घरात कोणाला असेल किंवा मुलाची टेस्ट झाली नसेल तर भूल देण्याआधी सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची रक्ततपासणी) झालीच पाहिजे, अशा मुलांची तयारी वेगळी असते. डाउन सिंड्रोम, खूप लठ्ठ मूल, दोन वर्षांखालचं मूल, यांच्यात आधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी, व्हायला हवी. आणि दुसरं, कोडीन असलेलं कुठलंही औषध ऑपरेशननंतर द्यायचं नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन भराभर होतं आणि श्वास मंदावतो, अमेरिकेत २०१३ साली यावर मृत्यूंनंतर बंदीवजा इशारा आला. घरात मोठ्यांसाठी आणलेलं खोकल्याचं औषध म्हणून चमचाभर दिलं असं करू नका.


मुग्धा_नाशिक

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी ओपीडीत सांगत नाही हो. अपडेट देते.

व्हिडिओ काढला. पहाटे चारच्या सुमारास शर्ट वर करून. घोरतोय घोरतोय आणि मग एकदम आवाज बंद. पोट वर येतंय, छाती आत ओढली जातेय, गळ्याच्या खालचा खळगा आत जातोय पण आवाज काहीच नाही, आणि मग एक मोठा हुंदका देऊन कुशीवर वळतो नि परत घोरायला लागतो. दर थोड्या वेळाने हेच. सासूबाईंना दाखवला, त्या काही बोलल्याच नाहीत, सकाळी म्हणाल्या डॉक्टरांची वेळ घे.

दुसऱ्या ईएनटींना दाखवलं, पहिल्यांचं काही सांगितलं नाही (कात्रणवाल्यांचा सल्ला!). चिठ्ठ्या सगळ्या तारखेप्रमाणे लावून नेल्या होत्या. ते म्हणाले इन्फेक्शनसाठी म्हणाल तर निकषात बसत नाही, बऱ्याच चिठ्ठ्यांत सर्दी-खोकला आहे. मग व्हिडिओ बघितला, अ‍ॅडेनॉइडसाठी मानेचा एक्सरे काढला, कान तपासले तर पडद्यामागे पाणी, त्याला ऐकूही कमी येतंय थोडं. आम्हाला वाटायचं लक्ष देत नाही. तर ऑपरेशन सांगितलं, टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड. म्हणजे उत्तर तेच आलं पण कारण वेगळं. कोब्लेशनच हवं का विचारलं तर म्हणाले माझा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती मी करतो, त्यात आम्हाला बरं वाटलं.

आता दोन प्रश्न. पॉलिसी मागच्या वर्षी घेतलीये, क्लेम मिळेल का? आणि त्याचा पुढचा वरचा दात हलतोय, त्याने काही फरक पडतो का?


हिशेबतपासनीस

क्लेमचं मी सांगतो. बहुतेक पॉलिसींमध्ये टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड, कानाची ऑपरेशनं वगैरे 'ठरावीक आजार' म्हणून २४ महिन्यांच्या वेटिंगमध्ये असतात. सरकारी नियमाने आलेली आरोग्य संजीवनी पॉलिसी आहे ना, तिच्यातसुद्धा टॉन्सिलेक्टॉमी आणि अ‍ॅडेनॉइडेक्टॉमी नाव घेऊन लिहिलंय. त्यामुळे मागच्या वर्षीची असेल तर वैयक्तिक पॉलिसीत मिळायची शक्यता कमी. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर ती बघा, त्यात बऱ्याचदा हे वेटिंग काढलेलं असतं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'टॉन्सिल' न लिहिता झोपेत श्वास अडतो हे कारण, एक्सरे, कानाचा रिपोर्ट सगळं लिहून घ्या, प्री-ऑथला, म्हणजे विमा कंपनीची आधी मंजुरी घेताना, उपयोगी पडतं.


डॉ_सातपुडा

दाताचं बरं विचारलंत. फरक पडतो. तोंड उघडं ठेवायला वरच्या दातांवर अडकवून एक पट्टी लावतात आणि श्वासाची नळी तोंडातून जाते, हलणारा दुधाचा दात तेव्हा निघून श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच दाखवा. जास्त हलत असेल तर ते भूल दिल्यावर आधी काढून घेतात आणि तुमच्या हातात देतात. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात ताप-खोकला झाला तर तेही लपवू नका, तारीख पुढे गेली तर जाऊ दे.

कानातल्या पाण्याचं मात्र त्याच वेळी विचारून घ्या. नुसतं अ‍ॅडेनॉइड काढून भागणार की ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी) टाकावं लागणार, हे आधी ठरलं तर एकाच भुलीत होतं. दोन्ही कानांची ऐकण्याची चाचणी ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर तीन महिन्यांनी एकदा.